अ‍ॅप आवडतं, तरी सुटतं का?
बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आईनं हौसेनं हिशेबाचं अ‍ॅप घेतलं. आवडलंही. आठवड्याभरात मात्र पुन्हा फ्रिजवरची वही! अ‍ॅप चांगलंच होतं. ते उघडायची वेळ ठरलेली नव्हती आणि वही सतत डोळ्यांसमोर. म्हणून नवं अ‍ॅप जुन्या सवयीला बांधा. आई आता खंडेराव मार्केटमधून आली की पिशवी ओट्यावर ठेवते आणि भाजी निवडायला बसण्याआधी खर्च टाकते. आयकॉन पहिल्याच स्क्रीनवर, वही कपाटात. धीर मात्र धरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या 2009 मधल्या अभ्यासात खाण्यापिण्याच्या, व्यायामाच्या नव्या सवयी अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले. कुणाला 18, कुणाला कितीतरी जास्त. मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही.