ऑनलाइन पैसे गेले तर या चुका टाळा

आमच्या दाजींचा गोव्यात मोरजीला दोन खोल्यांचा होमस्टे आहे. डिसेंबरच्या सीझनआधी त्यांना फोन आला, मी आर्मीत आहे, फॅमिली घेऊन येतोय, दोन्ही खोल्या चार दिवस पाहिजेत. भावात घासाघीस नाही, व्हॉट्सअॅपवर युनिफॉर्ममधला फोटो, आयकार्ड, सगळं. मग म्हणाला आमच्याकडे पेमेंट वेगळ्या पद्धतीने होतं, क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करा म्हणजे अॅडव्हान्स तुमच्या खात्यात पडेल. आधी एक रुपया घेतला आणि दोन परत पाठवले, तिथेच दाजींचा विश्वास बसला. नंतर १० हजारांचा क्यूआर, पिन टाकला, पैसे गेले. चुकून उलटं झालं, परत एकदा करा म्हणजे दोन्ही मिळून येतील, म्हणाला. दाजींनी परत पिन टाकला.

एवढं एकच घरात सगळ्यांना पाठ करून ठेवा: यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, कधीच नाही. पिनची स्क्रीन आली म्हणजे पैसे आपल्या खात्यातून जाणार. कोणाला आणि किती, हे तिथेच लिहिलेलं असतं, फक्त घाईत कोणी वाचत नाही.

पण खरं नुकसान पुढे झालं. दाजींनी बँकेचा नंबर गूगलवर शोधला आणि पहिला दिसला तो लावला, तो पण ठगांचाच निघाला. त्याने स्क्रीन शेअरिंगचं अॅप टाकायला लावलं आणि आणखी ८ हजार गेले. बँकेचा नंबर एटीएम कार्डच्या मागे असतो, पासबुकवर असतो, तिथूनच घ्या. रागाच्या भरात दाजींनी त्या माणसाचं सगळं चॅटही डिलीट केलं, म्हणजे पुरावाच पुसला. आणि मग दोन दिवस गप्प. ताईने सिलिंडरचे पैसे द्यायला फोन घेतला तेव्हा तिला कळलं. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, फसलेला माणूस चोरासारखा तोंड लपवत बसतो आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाऊन एटीएममधून निघूनही जातात.

म्हणून पैसे गेल्याचं कळलं की आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, त्याच मिनिटाला. पैसे वाटेत कुठल्या खात्यात असतील तर तिथे अडवता येतात, निघून गेले की कठीण. व्यवहाराचा १२ अंकी यूटीआर नंबर, वेळ, रक्कम हाताशी ठेवा. मग बँकेला कळवा, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार टाका. आपल्याकडे गोव्यात रायबंदरला सायबर क्राइमचं पोलीस स्टेशन पण आहे. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमही लक्षात ठेवा, पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे उशीर कोणाला महाग पडतो बघा.

दुसरा प्रकार लग्नपत्रिकेचा, नाहीतर गाडीच्या चलनाचा. व्हॉट्सअॅपवर फाइल येते, ओळखीच्याच नंबरवरून येते कारण त्याचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके दिसलं की ते अॅप आहे, हात लावू नका. टाकलंच असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर, नाहीतर ओटीपीचे मेसेज तिकडे जात राहतात. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवा, पासवर्डही दुसऱ्या फोनवरूनच बदला. अॅप निघत नसेल तर फोन रीसेट करून घ्या.

तक्रारीनंतर महिन्याभराने दाजींना परत फोन आला, सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडले, फाइलचे २ हजार भरा. दाजींनी काही न बोलता फोन ताईच्या हातात दिला. तिने नंबर लिहून घेतला, फोन ठेवला आणि तो नंबर पण तक्रारीला जोडला.