मेल प्रोग्रॅम कोसळला? दुरुस्तीला हात घालण्याआधीची तयारी

पहिलं काम नेटवर्क तोडण्याचं. केबल काढा, वाय-फाय बंद करा, बाकीचा विचार नंतर. आउटलुक किंवा थंडरबर्ड कोसळला की हात आपोआप पुन्हा त्याच आयकॉनकडे जातो, तो आवरा. खातं आयमॅप किंवा एक्स्चेंजचं (म्हणजे मूळ मेल सर्व्हरवरच ठेवणारं) असेल तर प्रोग्रॅम उघडताक्षणी सर्व्हरशी हिशोब जुळवायला लागतो आणि सर्व्हरवरून गेलेला मेल तुमच्या डिस्कवर शिल्लक असला तरी तोही पुसून टाकतो. पॉप खात्यात, म्हणजे जे मेल आपल्या डिस्कवर उतरवून घेतं त्यात, धोका उलट्या बाजूनं येतो: आधीच बिघडलेल्या फाइलमध्ये नवे मेल उतरतात आणि सर्व्हरवरची प्रत निघून जाऊ शकते. फोनवरही तेच खातं असेल तर फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. संगणकावरून गेलेला मेल फोनमध्ये अजून दिसत असण्याची शक्यता चांगली असते, पण फोननं एकदा सिंक केलं की तीही संपते.

यानंतर टास्क मॅनेजर उघडून मेल प्रोग्रॅम खरोखर बंद झालाय का ते पाहा. खिडकी दिसत नाही म्हणजे प्रोग्रॅम बंद आहे असं नाही. मागे अडकून पडलेली प्रोसेस डेटा फाइल धरून बसते आणि मग प्रत घेताना ‘फाइल वापरात आहे’ म्हणून अडवणूक होते. थंडरबर्ड ‘आधीच चालू आहे, पण प्रतिसाद देत नाही’ असं म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच कारण असतं. प्रोसेस संपवूनही तोच संदेश आला तर प्रोफाइलमधली (थंडरबर्डचा सगळा डेटा आणि सेटिंग्ज असलेल्या फोल्डरमधली) ‘पॅरेंट लॉक’ नावाची फाइल काढून टाका; तिच्यात मेल नसतात.

आता सामान. एक बाहेरचा ड्राइव्ह लागेल, आणि त्यात मेलच्या डेटाच्या किमान दुप्पट जागा मोकळी हवी. एक पट मूळ प्रतीसाठी, जिला नंतर कुणी हात लावायचा नाही. दुसरी पट कामाच्या प्रतीसाठी. ड्राइव्ह कसा फॉरमॅट केलाय तेही बघून ठेवा. पेनड्राइव्ह अनेकदा फॅट३२ असतो आणि त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. जागा भरपूर रिकामी असताना कॉपी नाकारली जाते आणि माणूस डिस्क खराब झाली असं समजून बसतो. ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस हवा. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवरही मोकळी जागा बघा, कारण डिस्क भरणं हेच कोसळण्याचं कारण असतं असं पुष्कळदा निघतं.

दुसरं सामान म्हणजे पासवर्ड, आणि लोक इथेच अडकतात. नवं प्रोफाइल बनवायची वेळ आली की प्रोग्रॅमनं लक्षात ठेवलेला पासवर्ड आपल्याला आठवत नसतो. वेबमेलचा पासवर्ड, दुहेरी पडताळणीसाठी लागणारा फोन, आणि सेवा मागत असेल तर वेगळा ॲप पासवर्ड (फक्त मेल प्रोग्रॅमसाठी सेवेनं बनवून दिलेला), हे तिन्ही आधीच तपासून घ्या. सर्व्हरची नावं कागदावर उतरवा. पोर्ट सहसा ठरलेले असतात: आयमॅपला ९९३, पॉपला ९९५, पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७. खातं पॉप आहे की आयमॅप की एक्स्चेंज, हे त्याच कागदावर सगळ्यात वर लिहा. पुढचा प्रत्येक निर्णय त्यावर ठरतो. आयमॅप आणि एक्स्चेंजमध्ये डिस्कवरची फाइल ही मुख्यतः सर्व्हरवरच्या मेलची नक्कल असते, ती पुन्हा बनवता येते. पॉपमध्ये डिस्कवरची फाइल हाच मूळ माल असतो.

फाइल कुठे आहेत ते आधी माहीत हवं. क्लासिक आउटलुकमध्ये पॉप खात्याची पीएसटी फाइल (मेल साठवणारी डेटा फाइल) साधारणपणे डॉक्युमेंट्समधल्या ‘आउटलुक फाइल्स’ या फोल्डरमध्ये असते, आणि एक्स्चेंज किंवा आयमॅपची ओएसटी (सर्व्हरवरच्या मेलची नक्कल ठेवणारी फाइल) लोकल ॲपडेटामध्ये, मायक्रोसॉफ्ट, मग आउटलुक या वाटेवर. डॉक्युमेंट्स फोल्डर वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर पीएसटीही नकळत वनड्राइव्हमध्ये जाते, आणि आउटलुक लिहितोय तोच वनड्राइव्ह तीच फाइल वर चढवायला बघतो. यातून फाइल बिघडते. नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवलेल्या पीएसटीचीही तीच गत. ती तिथे ठेवायचीच नसते. थंडरबर्डचं प्रोफाइल विंडोजवर रोमिंग ॲपडेटामध्ये असतं, आठ अक्षरांच्या अगम्य नावापुढे ‘डिफॉल्ट रिलीज’ जोडलेल्या फोल्डरमध्ये. ॲपडेटा फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून एक्सप्लोररमध्ये लपवलेल्या गोष्टी दाखवायचा पर्याय आधी चालू करा.

प्रत घेताना एकटी फाइल न उचलता आख्खं फोल्डर उचला. थंडरबर्डमध्ये तर पूर्ण प्रोफाइलच घ्या, कारण पासवर्ड, पत्ते, फिल्टर आणि खात्यांच्या सेटिंग्ज वेगवेगळ्या फाइलींमध्ये विखुरलेल्या असतात. डिस्कमधून खरखर येत असेल किंवा कॉपी मध्येच अडकत असेल तर रोबोकॉपी (विंडोजमधली, कमांड लिहून चालवायची कॉपीची सोय) वापरा, पण पुन्हा प्रयत्नांची संख्या १ आणि थांबण्याचा वेळ १ सेकंद असं स्वतः सांगून. न सांगितल्यास ती एकाच बिघडलेल्या फाइलवर दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करायला तयार असते. कॉपी झाली की दोन्हीकडचा आकार बाइटपर्यंत जुळवून पाहा.

इथपर्यंतची तयारी झाली, की कोसळण्याचं कारण शोधा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, मग ॲप्लिकेशन इथे जा आणि कोसळलेल्या वेळेची लाल नोंद शोधा. तिचा क्रमांक १००० असतो. त्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एक नाव दिलेलं असतं. ते एखाद्या अँटिव्हायरसचं, पीडीएफ बनवणाऱ्या किंवा मीटिंग जोडणाऱ्या ॲड-इनचं (मेल प्रोग्रॅमला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं) असेल तर अर्धं काम झालं. तिथे विंडोजचीच एखादी डीएलएल (अनेक प्रोग्रॅम वाटून वापरतात ती कोडची फाइल) दिसली, म्हणजे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस, तर तिच्यावर संशय घेऊ नका. अपघात तिथे उघडकीला आला इतकाच त्याचा अर्थ. सी००००००५ हा एरर कोड म्हणजे प्रोग्रॅमनं मनाई असलेल्या मेमरीला हात घातला, आणि तेवढ्यावरून दोषी ठरत नाही.

मग सेफ मोड, म्हणजे ॲड-इन्सशिवाय प्रोग्रॅम उघडणं. कंट्रोल बटण दाबून धरून आउटलुकच्या आयकॉनवर क्लिक केलं की तो सेफ मोडमध्ये उघडायचं का ते विचारतो. थंडरबर्डला शिफ्ट दाबून धरायचं. त्याच्या आताच्या आवृत्त्यांत याला ट्रबलशूट मोड म्हणतात. नेटवर्क अजून तुटलेलंच ठेवा. सेफ मोडमध्ये प्रोग्रॅम टिकला तर दोष ॲड-इनचा असण्याची शक्यता जास्त. आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स इथे जाऊन खालच्या यादीत ‘कॉम ॲड-इन्स’ निवडा, ‘गो’ दाबा आणि सगळे टिक काढा. मग एकेक करून परत लावा. दोन दोन लावून वेळ वाचत नाही. कोसळला तर कुणामुळे ते पुन्हा शोधावं लागतं. सेफ मोडमध्येही कोसळत असेल तर रोख डेटा फाइलकडे किंवा प्रोफाइलकडे वळवा. पाठवायला घेतल्यावरच कोसळत असेल तर आधी आउटबॉक्स बघा. तिथे अडकलेला अवजड अटॅचमेंटचा मेल ‘वर्क ऑफलाइन’ करून ड्राफ्ट्समध्ये हलवला की बरेचदा प्रश्न तिथेच मिटतो.

पीएसटी बिघडली असेल तर ऑफिसच्याच फोल्डरमध्ये, ‘ऑफिस१६’च्या आत, स्कॅनपीएसटी नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो मूळ फाइलवर चालवायचा नाही. कामाच्या प्रतीवर चालवायचा. फाइल निवडा, ‘स्टार्ट’ दाबा. चुका सापडल्या की ‘रिपेअर’च्या आधी बॅकअप घेण्याची टिक असते, ती राहू द्या. एकदा चालवून थांबू नका. पहिल्या फेरीत वरच्या पातळीवरच्या चुका निघतात आणि त्या निघाल्यावरच खालच्या दिसतात, त्यामुळे चूक सापडली नाही असं सांगेपर्यंत फेऱ्या करा. मोठ्या फाइलला तास तास लागतात. पट्टी हलत नाही म्हणून मध्येच बंद करणं हा फाइल कायमची घालवण्याचा खात्रीचा मार्ग आहे. दुरुस्तीनंतर ती फाइल आउटलुकमध्ये उघडली की ‘लॉस्ट अँड फाउंड’ किंवा ‘रिकव्हर्ड पर्सनल फोल्डर्स’ दिसू शकतात. त्यातले मेल नव्या कोऱ्या पीएसटीत हलवा आणि दुरुस्त केलेली फाइल रोजच्या कामाला लावू नका. आकारही तपासा: आउटलुक २००२ आणि त्याआधीच्या पीएसटीची मर्यादा २ जीबी होती, आणि आउटलुक २०१० पासून ती ठरवून दिलेली ५० जीबी आहे. मर्यादेच्या जवळ पोहोचलेली फाइल दुरुस्त होऊनही पुन्हा अडखळते.

ओएसटीची गोष्ट वेगळी. तिचं नाव बदललं की आउटलुक सर्व्हरवरून नवी बनवतो, आणि बहुतेक सल्ले इथेच संपतात. पण ‘फक्त हा संगणक’ असं लिहिलेली फोल्डरं, आयमॅप खात्यातले पत्ते आणि दिनदर्शिका, न गेलेले मेल, हे सर्व्हरवर नसतं. शिवाय जुनी ओएसटी नुसती उचलून दुसऱ्या प्रोफाइलमध्ये उघडता येत नाही. ती ज्या प्रोफाइलनं बनवली त्यालाच बांधलेली असते. तेव्हा आउटलुक ऑफलाइन का होईना उघडत असेल, तर नाव बदलण्याआधी ‘ओपन अँड एक्स्पोर्ट’मधून ती फोल्डरं पीएसटीत काढून घ्या.

थंडरबर्डमध्ये काम जास्त मोकळं आहे, कारण मेल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. प्रत्येक फोल्डरची दोन अंगं: ‘इनबॉक्स’ नावाची शेपटी नसलेली फाइल, तिच्यात मेल, आणि त्याच नावाला एमएसएफ जोडलेली फाइल, तिच्यात फक्त अनुक्रमणिका. फोल्डर रिकामं दिसतंय, पण शेपटी नसलेल्या फाइलचा आकार शेकडो एमबी आहे, तर मेल शाबूत आहेत आणि अनुक्रमणिका बिघडली आहे. थंडरबर्ड बंद करून एमएसएफ काढून टाका. उघडल्यावर ती पुन्हा तयार होते. शोध चालत नसेल तर ‘ग्लोबल मेसेजेस’ नावाची एसक्यूलाइट फाइलही अशीच निर्धास्तपणे काढता येते. शेपटी नसलेली फाइलच गायब असेल तर आधी अँटिव्हायरसची कोठडी (क्वारंटाइन) उघडा. एका मेलमध्ये संशयास्पद अटॅचमेंट सापडलं म्हणून आख्खं इनबॉक्स उचलून कोठडीत टाकणारे अँटिव्हायरस आहेत. फोल्डरमध्ये ‘एनएसटीएमपी’ नावाची फाइल दिसली तर कॉम्पॅक्ट करताना, म्हणजे पुसलेले मेल फाइलमधून कायमचे काढताना, काम अर्धवट सुटलेलं आहे, आणि तुमचे मेल तिच्यात असू शकतात. ती कचरा समजून पुसू नका.

चुकून पुसलेला मेल परत आणण्याची खरी संधी कॉम्पॅक्टच्या आधी असते. पॉप आणि स्थानिक फोल्डरांमध्ये डिलीट केल्यावर मेल लगेच जात नाही, त्याच्या माथ्यावर खूण होते. मोठ्या फाइल उघडू शकणाऱ्या मजकूर संपादकात कामाची प्रत उघडा. प्रत्येक मेलची सुरुवात ‘फ्रॉम’, एक जागा आणि आडवी रेघ अशी होते, आणि खाली ‘एक्स-मोझिला-स्टेटस’ ही ओळ असते. तिच्यात ०००१ म्हणजे वाचलेला मेल, ०००९ म्हणजे वाचलेला आणि पुसलेला. ८ हा पुसल्याचा आकडा इतर खुणांत मिळवला जातो, म्हणून शेवटचा अंक ८, ९ किंवा ए ते एफ यातलं अक्षर असेल तर तो मेल पुसलेला. ०००९ च्या जागी ०००१ करा, जतन करताना एन्कोडिंग बदलू देऊ नका, आणि ती प्रत वेगळ्या नावानं ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवा. थंडरबर्ड उघडला की ती नवं फोल्डर म्हणून दिसते. तिच्यात दुसरीकडे हलवलेले मेलही उगवतील, कारण हलवणं म्हणजे नक्कल करून मूळ पुसणंच. नको ते नंतर निवडून टाका. कॉम्पॅक्ट आपोआप चालतं, २०० एमबी वाचतील असं दिसलं की. म्हणून ही सेटिंग शोध चालू असेपर्यंत बंद ठेवा, ‘नेटवर्क आणि डिस्क स्पेस’ या भागात ती असते.

डिस्कवर काहीच मिळालं नाही तर फोनच्या ब्राउझरमधून वेबमेल उघडा. फोनमधल्या मेल ॲपमध्ये काही शिल्लक असेल तर त्याचे स्क्रीनशॉट आधी काढा, किंवा सरळ दुसरा फोन घ्या. कचरा, स्पॅम, आर्काइव्ह आणि फिल्टर, चारही बघा. जीमेलच्या ट्रॅशमध्ये मेल ३० दिवस राहतो. एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये डिलीटेड आयटम्समधूनही गेलेला मेल ‘रिकव्हर डिलीटेड आयटम्स’मध्ये ठरवून दिलेले १४ दिवस मिळतो आणि व्यवस्थापकानं वाढवलं असेल तर ३०. म्हणजे इथे घड्याळ चालू आहे. डिस्कशी झटापट करत आठवडा घालवू नका. लिहिता लिहिता कोसळला असेल तर ड्राफ्ट्स बघा: आउटलुक दर ३ मिनिटांनी आणि थंडरबर्ड दर ५ मिनिटांनी मसुदा जतन करतो, सेटिंग बदललेली नसेल तर. पॉप खात्याचे मेल सर्व्हरवर ठेवलेले असतील आणि थंडरबर्ड ते पुन्हा उतरवत नसेल, तर खात्याच्या फोल्डरमधली ‘पॉपस्टेट’ फाइल बाजूला काढा. कोणता मेल आधी उतरवला याची आठवण तिच्यात असते; ती गेली की सगळे मेल नव्यानं येतात, आधीच असलेले दुबार होऊन.

पुसलेली फाइल उकरून काढणारे प्रोग्रॅम हा शेवटचा उपाय, आणि तो त्याच डिस्कवर इन्स्टॉल करायचा नाही. एसएसडीवर फार आशा धरू नका. ट्रिममुळे (पुसलेली जागा साफ करण्याच्या एसएसडीच्या सोयीमुळे) ती जागा लवकरच खरोखर रिकामी होते. त्यापेक्षा फाइलवर उजवं क्लिक करून ‘प्रीव्हियस व्हर्जन्स’ (विंडोजनं ठेवलेल्या जुन्या प्रती) आधी बघा.

नेटवर्क परत जोडताना प्रोग्रॅम आधी ऑफलाइन ठेवा आणि एका वेळी एकच खातं उघडा. प्रत्येक फोल्डरमधल्या मेलची संख्या वेबमेलशी जुळवा, सगळ्यात जुना आणि सगळ्यात नवा मेल उघडून अटॅचमेंटसकट दिसतो का ते पाहा. हात न लावलेली मूळ प्रत निदान दोन महिने तशीच राहू द्या. एखादं फोल्डर राहून गेल्याचं बहुधा महिनाअखेरीला, जुना मेल लागतो तेव्हाच कळतं.