शाळेआधी मुलांचं चेकअप: या चुका टाळा

आपल्याकडे शाळा १५ जूनच्या आसपास उघडते (विदर्भात अजून थोडी उशिरा) आणि बऱ्याच आईबाबांना चेकअप आठवतं ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, वह्यांना कव्हरं घालता घालता. मग बालरोगतज्ज्ञांकडे ही गर्दी, त्यात पहिला पाऊस पडून गेलेला, अर्धी वेटिंग रूम तापाने फणफणलेली आणि आपलं धडधाकट पोर त्यांच्यात दोन तास बसलेलं. चेकअप एका दिवसाचं असतं हो, पण त्यातून निघणारी कामं एका दिवसात होत नाहीत, खरी गोची तिथे होते.

लसींचंच घ्या. पाच-सहा वर्षांच्या मुलाला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताची लस) दुसरा बूस्टर आणि दहाव्या वर्षी टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची), हे दोन्ही सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. खाजगी डॉक्टर शाळेत जायच्या वयात एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) आणि कांजण्यांचा राहिलेला डोसही सांगतात. आता ह्या दोन्ही जिवंत लसी (म्हणजे कमजोर केलेल्या जिवंत विषाणूंच्या), एकाच दिवशी घेतल्या तर ठीक, नाहीतर मध्ये किमान चार आठवडे सोडावे लागतात. फ्लूची लस पहिल्यांदाच घेत असाल तर लहान मुलांना दोन डोस लागतात, तिथेही चार आठवड्यांचं अंतर, आणि पावसाळ्यात फ्लू वाढतो म्हणून ती आधीच झालेली बरी. जूनमध्ये उगवलात तर दुसरा डोस थेट जुलैत. त्यापेक्षा परीक्षा संपली की एप्रिलअखेर, मामाच्या गावी पळायच्या आधीच पहिली फेरी उरकून टाका, गावाहून आलं की पुढची. अंतर आपोआप पडतं.

डोळ्यांचं तर शाळेच्या आदल्या दिवशी अजिबात ठेवू नका. लहान मुलांचा नंबर नीट काढायचा तर थेंब टाकून बाहुली मोठी करावी लागते, मग उजेड सहन होत नाही, जवळचं धूसर दिसतं. साध्या थेंबांचा असर साधारण दिवसभरात जातो, पण ॲट्रोपिन हे जास्त जोराचं औषध घातलं तर आठवडाभर किंवा जास्तच चालतो. पोरगं पहिल्याच दिवशी म्हणणार पुस्तकातलं दिसत नाही आणि बाईंना वाटणार नाटक करतंय. आणि "तक्रार नाही म्हणजे डोळे चांगले" हे डोक्यातून काढा, एका डोळ्याने कमी दिसत असेल तर मूल दुसऱ्याने भागवतं, त्याला स्वतःला कळत पण नाही. घरी एकेक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लावा, एका डोळ्याला अडखळलं तर लगेच दाखवा.

दातांबाबत एकच सांगते. सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागे एक दाढ येते, तिच्या आधी तिथला कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात आणि किडली तरी "पडणारच आहे" म्हणून सोडून देतात. ती कायमची असते!

थोडी सर्दी आहे म्हणून अपॉइंटमेंट कॅन्सल करू नका, साध्या सर्दीत लस देता येते, जोराचा ताप असेल तर गोष्ट वेगळी. हिमोग्लोबिन कमी निघालं आणि आयर्नचं सिरप दिलं तर ते दुधात किंवा चहाबरोबर देऊ नका, लिंबूपाण्याबरोबर द्या, शी काळी झाली तर घाबरू नका.

शाळेत तपासणीचं पथक येतंच की, असंही काही जण म्हणतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम सरकारी शाळेत वर्षातून एकदा येते, अंगणवाडीत दोनदा, आणि काही सापडलं तर पुढे पाठवते, तेव्हा ती चिठ्ठी दप्तराच्या तळाशी कुजू देऊ नका. पण ती टीम तुमच्या सोयीने जूनच्या आधी येणार नाही, आणि खाजगी शाळेत तर धरूनच चालू नका.

लसीचं कार्ड हरवलं असेल तर आधी जिथे लसी घेतल्या तिथलं रजिस्टर विचारा, गावाकडे असेल तर उपकेंद्रातल्या सिस्टर किंवा आशाताईंना. कुठेच नोंद नसेल तर डॉक्टर सहसा डोस झालाच नाही असं धरून पुढचं ठरवतात, त्यात वाद घालू नका, एखादा डोस परत झाला तर साधारणपणे बिघडत नाही. कार्ड मिळालं की लगेच मोबाईलमध्ये फोटो काढा, दोन्ही बाजूंचा.