गिअर नीट पडत नाही? गिअरबॉक्स उतरवण्याआधी या चुका टाळा

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझ्या जुन्या दोन आसनी माझदा मियाटाचा पहिला गिअर सायनच्या सिग्नलवर पडेनासा झाला. क्लच तळापर्यंत दाबूनही दांडा चिखलात रुतल्यासारखा अडत होता, आणि रिव्हर्स टाकताना असा खर्रकन आवाज झाला की शेजारच्या रिक्षावाल्यानेही मान वळवून पाहिले. उपनगरातल्या एका गॅरेजमधल्या मिस्त्रींनी दांडा दोनदा हलवला आणि बॉनेटही न उघडता, ‘सिंक्रो गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल,’ असा निकाल दिला. मी धास्तावून आधी गिअर ऑईल बदलून पाहिले, पण काडीचाही फरक पडला नाही. शेवटी दोष सापडला तो क्लचच्या स्लेव्ह सिलिंडरमधल्या, म्हणजे द्रवाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या नळकांड्यातल्या, अंगठीएवढ्याही नसलेल्या एका रबरी सीलमध्ये. गिअरबॉक्स उतरवला असता तर तो धडधाकट निघाला असता आणि बिल मात्र मला भरावे लागले असते.

गिअर अडला की गिअरबॉक्सच बिघडला, असे मानणे ही सर्वांत महागडी चूक आहे. क्लच दाबल्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनाची फिरकी आत नेणारा आस) यांची पूर्ण फारकत व्हायला हवी. त्यानंतर सिंक्रो रिंग, जी बहुतेक वेळा पितळी असते, गिअरच्या शंकूसारख्या भागावर घासते, दोघांचा वेग सारखा करते, आणि वेग जुळल्यावरच स्लीव्ह, म्हणजे गिअर जोडणारे कडे, पुढे सरकून गिअर पडतो. या रिंगने फक्त मोकळ्या फिरणाऱ्या शाफ्टला आवरावे, अशी तिची रचना असते. क्लच अर्धवट सुटत असेल तर तिला चालू इंजिनाशी झुंजावे लागते आणि त्यात ती हरते. म्हणजे ओरडतो गिअरबॉक्स, पण दुखणे असते क्लचचे. हीच स्थिती महिनोन्‌महिने चालू ठेवली तर मात्र चांगली सिंक्रो रिंगही खरोखरच झिजते, आणि मग मिस्त्रींचे निदान उशिरा का होईना खरे ठरते.

इंजिन बंद ठेवून तपासणी न करणे

या तपासणीला एक पैसाही लागत नाही, तरीही ती करणारे मला फार थोडे भेटले. सपाट जागी हँडब्रेक लावावा, इंजिन बंद ठेवावे, क्लच दाबावा आणि एकेक करून सगळे गिअर टाकून पाहावेत. एखादा गिअर अडला तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण उभ्या गाडीत दातासमोर दात आला तरी गिअर पडत नाही. हँडब्रेक सोडून गाडी किंचित पुढेमागे सरकवावी आणि परत प्रयत्न करावा. इंजिन बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू केल्यावर अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. बंद असतानाही दांडा जड लागत असेल तर संशय दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांकडे (लिंकेज, केबल, बुश) किंवा आतल्या, गिअर निवडणाऱ्या सिलेक्टर यंत्रणेकडे वळवावा.

दुसरी परीक्षा रिव्हर्सची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो, त्यामुळे तो क्लचची चुगली ताबडतोब करतो. इंजिन आयडलवर असताना क्लच दाबून मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच सुटला असेल तर तेवढ्या वेळात इनपुट शाफ्ट थांबलेला असतो आणि आवाज येत नाही. दहा सेकंदांनीही खरखर होत असेल तर त्या शाफ्टला कोणीतरी फिरवत आहे. हा ‘कोणीतरी’ बहुधा क्लचच असतो, पण क्वचित पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचे इंजिनाकडचे टोक पेलणारे) जाम झाल्यामुळेही अगदी हीच लक्षणे दिसतात, हे ध्यानात ठेवावे. त्यानंतर क्लचचे पॅडल दोनतीन वेळा भराभर दाबून गिअर टाकून पाहावा. पंप केल्यावर गिअर सहज पडला तर हायड्रॉलिक लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा मास्टर (पॅडलजवळच्या) अथवा स्लेव्ह सिलिंडरचे सील दाब धरत नाही. माझ्या गाडीने ही परीक्षा पहिल्याच दिवशी दिली असती, पण मी ती घेतलीच नाही.

एक हास्यास्पद वाटणारी गोष्टही इथेच सांगतो. पावसाळ्यात चिखल नको म्हणून आपण गाडीत एकावर एक रबरी मॅट टाकतो, आणि त्या जाड थरामुळे क्लचचे पॅडल शेवटचा बोटभर प्रवास करू शकत नाही. मॅट काढल्याबरोबर ‘बरा’ झालेला गिअरबॉक्स मी स्वतः पाहिला आहे.

क्लच फ्लुइडकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष

ब्रेकचे फ्लुइड बदलणारे लोकही क्लचचे फ्लुइड विसरतात. दोन्हीकडे बहुधा डॉट-३ किंवा डॉट-४ हेच द्रव वापरतात आणि ते हवेतले पाणी शोषून घेते. मुंबईच्या दमट हवेत हे पाणी सिलिंडरच्या आतल्या भिंतींना गंजवते, त्या खरबरीत भिंतींवर रबरी सील घासून झिजते, आणि मग फ्लुइड थेंबाथेंबाने पाझरू लागते. मियाटासारख्या गाडीत स्लेव्ह सिलिंडर बेल हाउसिंगच्या (क्लचभोवतीच्या आवरणाच्या) बाहेर बसवलेला असतो, त्यामुळे तपासणी सोपी आहे: त्याच्या टोकावरची रबरी टोपी हलकेच मागे सरकवून पाहावी, आत ओल दिसली तर सील गेले आहे. कार्यपुस्तिकेत वेगळे काही सांगितले नसेल तर फ्लुइड दर दोन वर्षांनी बदलावे. ते काळे पडले असेल तर तेवढी वाटही पाहू नये.

निस्सान ३७०झेडसारख्या गाड्यांत मात्र हा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आत, इनपुट शाफ्टभोवती बसवलेला असतो. ही गाडी भारतात मॅन्युअल गिअरबॉक्ससह विकली गेली, आणि तिचा हा भाग निकामी होऊन पॅडल खालीच राहण्याची तक्रार जगभरच्या मालकांना परिचित आहे. इथे गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नसतो. तेव्हा एकदा उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, रिलीज बेअरिंग आणि पायलट बेअरिंग यांची अवस्था त्याच खेपेला पाहून घ्यावी. सिलिंडरचे पैसे थोडे आणि मजुरी मोठी, असे हे काम आहे. ते दोनदा करून घेणारे सद्गृहस्थ माझ्या परिचयात आहेत.

चार महिने झाकून ठेवलेली गाडी

जूनमध्ये कव्हर घालून ठेवलेली गाडी ऑक्टोबरमध्ये बाहेर काढली आणि एकही गिअर पडेना, हा प्रकार आपल्याकडे वारंवार घडतो. दमट हवेत फ्लायव्हीलवर (इंजिनासोबत फिरणाऱ्या जड चकतीवर) गंज चढतो आणि क्लच प्लेट त्याला चिकटून बसते. पॅडल दाबल्यावर क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागे सरते, पण चिकटलेली क्लच प्लेट इंजिनासोबत फिरतच राहते. अशा वेळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, भिंतीसमोर गाडी उभी असताना गिअरमध्ये स्टार्टर मारणे ही अत्यंत धोक्याची चूक आहे, कारण क्लच दाबलेला असूनही गाडी झेप घेते. इंजिन तापवून, मोकळ्या जागी, जाणत्या मेकॅनिकच्या उपस्थितीत क्लच दाबून ठेवून ॲक्सिलरेटरच्या हलक्या झटक्यांनी ही प्लेट बहुधा सुटते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला गाडी थोडी फिरवली, तर ही वेळच येत नाही.

‘जास्त चांगले’ म्हणून चुकीचे ऑईल

या विषयावर गॅरेजमध्ये जितकी ठाम मते ऐकायला मिळतात, तितकी क्वचितच दुसऱ्या कशावर मिळत असतील. गिअर ऑईलच्या प्रकारांत जीएल-५ हा जीएल-४ पेक्षा वरचा आकडा असल्यामुळे तो अधिक चांगला, ही समजूत चुकीची आहे. जीएल-५ मुख्यतः डिफरन्शियलमधल्या (चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या भागातल्या) हायपॉइड गिअरसाठी असते. त्यात प्रचंड दाब सोसणारी गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने बऱ्याच अधिक प्रमाणात असतात, आणि त्यांतली काही पितळाला मारक ठरू शकतात. शिवाय सिंक्रो रिंगला काम करण्यासाठी थोडे घर्षण लागतेच. ऑईल फाजील निसरडे असेल तर रिंग शंकूला धरू शकत नाही आणि गिअर खरखरतो. दुसरीकडे, होंडाच्या अनेक जुन्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये इंजिन ऑईल चालत असे, तर काही गाड्यांत ऑटोमॅटिक ट्रान्समिशनचे पातळ फ्लुइड घालायला सांगितलेले असते. तेव्हा निर्णय गाडीच्या कार्यपुस्तिकेचा, दुकानदाराचा नव्हे.

जाडीचेही तसेच. ७५डब्ल्यू-९० च्या जागी अधिक जाड ८५डब्ल्यू-१४० घातले की आवाज दबतो, म्हणून ते काहींना आवडते. पण सकाळी पहिले काही किलोमीटर दुसरा गिअर ढकलावा लागतो. मुंबईत थंडी ती किती, तरीही गिअर सकाळी जड आणि गरम झाल्यावर हलका असेल, तर ऑईलची जाडी सर्वप्रथम तपासावी.

ऑईल बदलताना ड्रेनच्या आधी भरायचा बोल्ट सैल होतो की नाही हे पाहावे, नाहीतर रिकामा गिअरबॉक्स आणि न उघडणारा बोल्ट घेऊन बसण्याची वेळ येते. निघालेले ऑईल फेकण्यापूर्वी नीट न्याहाळावे. ड्रेन बोल्टच्या चुंबकावरचा करडा, मऊ लेप नेहमीचा असतो, पण बोटांना टोचणारे कण नेहमीचे नसतात, आणि ऑईलमध्ये पितळी चमक दिसली तर सिंक्रोवरचा आरोप प्रथमच पुराव्यानिशी सिद्ध होतो. ऑईल दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या ठिकाणी तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेली, तर गरम गिअरबॉक्स एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (हवा जाण्यायेण्याच्या छिद्रातून) पाणी ओढले जाऊ शकते. अशा प्रवासानंतर ऑईलची मुदत उरली आहे की नाही, हा विचार करू नये, ते बदलावे.

एकच गिअर खरखरत असेल तर

बाकी सगळे ठीक आणि फक्त दुसरा किंवा तिसरा गिअर धावत्या गाडीत खरखरतो, ही सिंक्रो झिजल्याची खरी खूण आहे. डबल क्लच करून पाहावे: न्यूट्रलमध्ये क्लच सोडून, खालचा गिअर घेताना ॲक्सिलरेटरचा हलका स्पर्श देऊन, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकावा. आवाज नाहीसा झाला तर निदान पक्के. गिअर पडून आपोआप बाहेर येत असेल तर ऑईल बदलण्यात पैसे घालू नयेत. तिथे इंजिनचे माउंट, सिलेक्टर फोर्क (स्लीव्ह सरकवणारा काटा) किंवा झिजलेले दात यांची चौकशी करावी.

या अवस्थेत शॉर्ट शिफ्टर (कमी हलणारा दांडा) बसवणे म्हणजे दुखण्यावर दागिना घालणे होय. दांड्याचा प्रवास कमी होतो तसा हाताला लागणारा जोर वाढतो, आणि घाईने ओढलेला गिअर सिंक्रोला वेग जुळवायला वेळच देत नाही. त्यापेक्षा दांड्याच्या मुळाशी पाहावे. मियाटात तिथे थोडे ऑईल असते आणि त्यावर रबरी बूट असतात; बूट फाटले की ऑईल उडते, धूळ शिरते आणि दांडा कोरडा होतो. इंजिन मध्यभागी किंवा मागे असलेल्या गाड्यांत लांब केबल असतात, आणि त्यांच्या टोकांचे प्लॅस्टिक बुश झिजले की गिअर नेमका कुठे आहे तेच हाताला कळत नाही. सिग्नलवर सवयीने दांड्यावर हात टेकवून ठेवणाऱ्यांनी तो स्टिअरिंगवर न्यावा. त्या हाताचे वजन आतल्या फोर्कवर पडत असते.

माझ्या गाडीला लागणारे सील कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले नाही, म्हणून नवा सिलिंडरच मागवला. तो बसवून, हवा काढूनही पॅडल शेवटी किंचित पोचट लागत होते. मदतनीसाला पॅडल दाबायला लावून पाहिले, तेव्हा जुना रबरी होज प्रत्येक दाबासरशी फुगताना दिसला. तो बदलल्यावर दहा मोजण्याआधीच रिव्हर्स आवाज न करता पडला.