ट्रेडमिलवर पावलं कमी मोजली जातात? या चुका टाळा

चाळीस मिनिटं घाम गाळून ट्रेडमिलवरून उतरावं आणि मनगटावरच्या बँडवर जेमतेम हजार-बाराशे पावलं दिसावीत, की अगदी हिरमोड होतो. बँड बिघडला असं समजून नवीन घ्यायच्या विचारात असाल तर जरा थांबा. बहुतेक वेळा गोम आपल्या हातांतच असते.

बँडला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत अ‍ॅक्सेलरोमीटर नावाचा इवलासा सेन्सर असतो. तो मनगटाचे हेलकावे टिपतो आणि त्यात चालण्याची लय सापडली की पावलं मोजतो. म्हणून सगळ्यात मोठी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे हँडल धरून चालणं. पाय चालत राहतात, मनगट मात्र जागच्या जागी असतं. मग बँडच्या लेखी तुम्ही उभेच आहात.

मी हे स्वतः करून पाहिलं. वेग ताशी 4.5 किलोमीटर ठेवला, हात मोकळे सोडले आणि मनात 200 पावलं मोजली. बँडवरचा आकडा 197नं वाढला. मग दोन्ही हातांनी हँडल धरून पुन्हा 200 पावलं चालले, तर आकडा वाढला फक्त 61नं. वेग तोच, पाय तेच! बँड असलेल्या हातात मोबाइल धरून काही बघत चाललात तरी असंच होतं. दुसऱ्या हातात धरा. नाही धरलात तर उत्तमच.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. तोल जात असेल, चक्कर येत असेल किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आकड्यासाठी हँडल अजिबात सोडू नका. बँड काढून पँटच्या पुढच्या घट्ट खिशात ठेवा किंवा घोट्याशी मोज्यात नीट खोचा. मांडी आणि घोटा तर हलणारच, त्यामुळे मोजणी बरीच सुधारते. त्या वेळात हृदयाचे ठोके नीट मिळणार नाहीत, पण पडण्यापेक्षा ते परवडलं.

फार हळू चालणं हे दुसरं कारण. ताशी 3 किलोमीटरच्या खाली हात जेमतेम हलतात आणि बरेच बँड पावलं गाळतात. शिवाय काही बँड सलग थोडी पावलं पडेपर्यंत मोजायला सुरुवातच करत नाहीत. दर मिनिटाला थांबून पाणी पिणाऱ्यांची पावलं अशी थोडीथोडी गळत जातात.

सेटिंगमधला हात कुणी तपासतच नाही. काही अ‍ॅपमध्ये बँड कामाच्या हातावर आहे की दुसऱ्या, हे सांगावं लागतं. कामाचा हात निवडला की भांडी घासताना, लिहिताना होणारी हालचाल पावलांत धरू नये म्हणून मोजणी थोडी कडक होते. बँड डाव्या हातावर आणि सेटिंग उजव्याचं, असं असेल तर खरी पावलंही गळू शकतात.

आता अंतराबद्दल. पावलं बरोबर, पण किलोमीटर चुकीचे, ही तक्रार वेगळी आहे. ट्रेडमिलवर तुम्ही जागेवरून हलत नाही, त्यामुळे जीपीएसचा उपयोग नाही. म्हणून बँड साधारणपणे पावलांना तुमच्या पावलाच्या लांबीनं गुणतो. ही लांबी अ‍ॅपनं उंचीवरून अंदाजानं धरलेली असते. मोकळ्या मैदानावर मोजून 1 किलोमीटर चाला. 1,400 पावलं पडली तर एक पाऊल साधारण 71 सेंटिमीटरचं. अ‍ॅपमध्ये सोय असेल तर तो आकडा भरा. चालताना 'इनडोअर वॉक' किंवा 'ट्रेडमिल' हाच प्रकार निवडा.

आणि ट्रेडमिलचा आकडा तरी खरा कशावरून? मशीन बंद असताना बेल्टच्या कडेला रंगीत चिकटपट्टी लावा आणि बेल्ट हातानं सरकवत त्याची पूर्ण लांबी मोजा. मग तुम्ही चालत असताना दुसऱ्या कुणालातरी मिनिटाभरात ती पट्टी किती वेळा समोरून गेली ते मोजायला सांगा. बेल्ट 3 मीटरचा आणि 25 फेरे, म्हणजे मिनिटाला 75 मीटर, ताशी 4.5 किलोमीटर. स्क्रीनवर 5 दिसत असेल तर मशीनच वाढवून सांगतंय.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दर वेळी 200 पावलं मनात मोजून ताळा करा. हात मोकळे, वेग बरा, सेटिंग योग्य, तरीही 200मागे 20-25 पावलं गळत असतील तर बँड रीस्टार्ट करून अपडेट करा. त्यानंतरही फरक पडला नाही, तर मात्र दोष बँडमध्येच असू शकतो. वॉरंटी संपायच्या आत दाखवून घ्या.