गोल्डन रिट्रीव्हरची घरच्या घरी निगा

गोल्डन रिट्रीव्हर ही जात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शिकाऱ्याने टिपलेले पाणपक्षी गार पाण्यातून उचलून आणण्यासाठी स्कॉटलंडमध्ये तयार झाली; लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्या इस्टेटीवर १८६८ साली जन्मलेल्या पिलांपासून तिचा वंश मोजला जातो. त्या कामासाठी तिला मिळालेले केस दोन थरांचे आहेत. वरचे लांब केस पाणी ओघळून टाकतात आणि आतली दाट, मऊ लव अंगाची ऊब धरून ठेवते. आपल्याकडे या कुत्र्याची त्वचेची जी दुखणी दिसतात, त्यांतली बरीचशी या आतल्या थरात ओल आणि मेलेले केस अडकून राहिल्यामुळे होतात. म्हणूनच निगा राखणे म्हणजे महिन्याकाठी अंघोळ घालणे, ही समजूत आधी बाजूला ठेवावी. खरे काम विंचरण्याचे आणि वाळवण्याचे आहे.

विंचरण्यासाठी एक स्लिकर ब्रश (बारीक, टोकाशी वाकलेल्या तारांचा ब्रश), विरळ व दाट दात असलेला स्टीलचा कंगवा आणि आतली लव काढणारा अंडरकोट रेक एवढी साधने पुरतात. ब्रश आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून पाहावा. जेवढ्या दाबाने आपल्याला ओरखडा उठत नाही, तेवढाच दाब कुत्र्याला द्यावा. वरवर ब्रश फिरवला की केस चमकतात खरे, पण मुळाशी गुंता तसाच राहतो. त्यासाठी एका हाताने केसांचा थर वर उचलून भांग पाडावा, गुलाबी त्वचा दिसली की तिथून टोकाकडे विंचरावे, मग बोटभर वरचा पुढचा थर सोडावा आणि असे पायाकडून पाठीकडे चढत जावे. कानामागचे रेशमासारखे केस, पुढच्या पायांच्या बगला, मांडीमागची झालर आणि शेपटीचा झुपका या ठिकाणी कंगवा अडखळल्याशिवाय फिरला, तरच विंचरणे झाले असे समजावे. आठवड्यातून तीनदा आणि केस गळण्याच्या दिवसांत रोज, पंधरा मिनिटे दिली तर पुरते. जट सापडल्यास ती ओढू नये. थोडे कॉर्नफ्लॉवर चोळून, मूळ चिमटीत धरून बोटांनी सोडवावी. ती कापावीच लागली, तर त्वचा आणि जट यांच्यामध्ये कंगवा सरकवून त्याच्या वरूनच कात्री चालवावी. पाणी लागले की जट अधिक घट्ट होते, म्हणून हे सारे अंघोळीच्या आधी.

अंघोळ चार ते सहा आठवड्यांनी, कोमट पाण्याने घालावी. माणसाच्या त्वचेपेक्षा कुत्र्याची त्वचा कमी आम्लधर्मी असते, त्यामुळे आपला शाम्पू वापरू नये. कुत्र्यांसाठीचा शाम्पू तांब्याभर पाण्यात मिसळून घेतला की तो आतपर्यंत पोहोचतो. मग फेस संपला तरी आणखी दोन-तीन मिनिटे पाणी सोडत राहावे, कारण राहिलेला शाम्पू पुढे खाज आणतो.

वाळवण्यात मात्र कसलीही तडजोड करू नये. आमची कुत्री दोन वर्षांची असताना जूनमधल्या पहिल्या पावसात भिजून आली. टॉवेलने पुसून ती वरून कोरडी वाटली म्हणून मी तिला तशीच झोपू दिले. तिसऱ्या दिवशी कानाखाली रुपयाएवढी लालभडक, चिकट जखम दिसली, आणि केस बाजूला केले तेव्हा ती तळहाताएवढी निघाली. याला हॉट स्पॉट म्हणतात, आणि तो पशुवैद्यांनाच दाखवावा लागतो. तेव्हापासून मी टॉवेल घासत नाही, दाबून पाणी टिपते; नंतर ड्रायर कमीत कमी उष्णतेवर ठेवून, तो सतत हलवत, केस मुळापासून उचलत वाळवते. मानेखाली आणि मांडीत बोटे घालून त्वचेला गारवा लागत नाही ना, हे पाहिल्याशिवाय ड्रायर बंद करत नाही.

उन्हाळ्यात, विशेषतः विदर्भाच्या उन्हात, दया येऊन अंगावरचे केस पूर्ण भादरून घेणारे अनेकजण आहेत. तसे कृपया करू नये. वरचे केस त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात आणि एकदा भादरल्यावर पुष्कळदा पूर्वीसारखे येत नाहीत. रेकने मेलेली लव काढली की हवा खेळती राहते.

लोंबत्या कानांत हवा कमी जाते, म्हणून ते आठवड्यातून एकदा उलटून पाहावे व वास घ्यावा. आंबूस वास आणि तपकिरी मळ असल्यास डॉक्टरांना दाखवावे. कानात काडी कधीही घालू नये. गोचीड बोटांच्या बेचक्यांत आणि कानाच्या घडीत बसते. ती चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी, रॉकेल लावू नये. गोचिडीनंतर कुत्रा मलूल झाला, जेवेनासा झाला, तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

नखे तीन-चार आठवड्यांनी, एकेक मिलिमीटर कापावीत. काळ्या नखात आतली रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून प्रत्येक कापानंतर नखाचा छेद पाहावा आणि मध्यभागी ठिपका दिसू लागला की थांबावे. रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉवर दाबून धरावे. पायाच्या आतल्या बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीवर झिजत नाही, ते विसरू नये. शेवटी पंजाच्या गाद्यांमधून बाहेर आलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने गाद्यांच्या पातळीला आणावेत. घरातल्या गुळगुळीत फरशीवर वयस्क कुत्र्याचे मागचे पाय घसरतात, त्यात या केसांचा मोठा हात असतो.