गावतळ्यात चोरून मासेमारी झाली, तर तक्रार कशी करावी

मासे चोरीला जातात रात्री आणि तक्रार लिहिली जाते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर मेलेले मासे लोकांनी उचलून नेलेले असतात, पाणी वाऱ्याने ढवळून निघालेले असते, आणि ठाण्यात पहिलाच प्रश्न येतो, ‘तळं कोणाचं?’ त्याचे कागदी उत्तर हाताशी नसेल, तर तक्रार तिथेच अडते.

आधी हक्काचा कागद

गावतळे बहुधा ग्रामपंचायतीकडे असते, तर पाझर तलाव जिल्हा परिषदेकडे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले माजी मालगुजारी तलाव आणि बोड्या (शेतातली लहान तळी) यांची मालकी वेगवेगळी निघते, म्हणून सातबारा काढूनच खात्री करा. मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल, तर करारनाम्याची प्रत, चालू वर्षाची ठेक्याची पावती आणि बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) विकत घेतल्याची पावती एका फाइलमध्ये ठेवा.

बोटुकलीची पावती फार कामाची. बंदिस्त तळ्यात सोडलेले मासे सोडणाऱ्याच्या ताब्यातले मानले जातात, म्हणून ते पकडून नेणे चोरी ठरू शकते. वाहत्या नदीतल्या माशांना हा नियम लागत नाही.

अनुसूचित क्षेत्रातल्या लहान जलाशयांचे व्यवस्थापन 1996च्या पेसा कायद्याने पंचायतींकडे दिले आहे आणि 2006च्या वनहक्क कायद्यात माशांवरचा सामूहिक हक्कही येतो. तेव्हा जाळे टाकणारा ढिवर किंवा भोई आपल्या हक्काने आला आहे का, हे आधी ग्रामसभेच्या ठरावात पाहा. घरच्या कालवणापुरता गळ टाकून बसलेल्या माणसाला पोलीस पाटलांनी समज दिली तरी पुरते. खरी ताकद लावायची ती सुरुंग, विष आणि विजेच्या तारेवर, कारण त्यात आख्खे तळे मरते.

काय झाले, हे माशांवरून ओळखा

उन्हाळ्यात पाणी आटल्यावर किंवा सलग ढगाळ दिवसांत प्राणवायू कमी पडूनही मासे मरतात आणि त्यावरून उगाच कुणावर तरी आळ येतो. अशा वेळी पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड उघडून हवा घेताना दिसतात. आधी मोठे कटला-रोहू जातात आणि चिलापी किंवा मरळ बऱ्याचदा वाचतात. विष असेल तर दिवसाच्या कुठल्याही वेळी लहान-मोठे सगळे एकदम उलटतात आणि काठावर बेडूक, खेकडे, पाणकिडेही मेलेले आढळतात. पाळीवर (तळ्याच्या बांधावर) किंवा झुडपात कीटकनाशकाची रिकामी बाटली सापडते का, ते पाहा. हात लावू नका.

सुरुंगाने मेलेला मासा चिरला, तर वायुपिशवी फाटलेली आणि आत रक्त साकळलेले दिसते. बरेच मासे तळाशी बसतात आणि एक-दोन दिवसांनी फुगून वर येतात, म्हणून पहिल्या दिवशीच्या आकड्यावर विसंबू नका. विजेच्या झटक्याने मणका मोडतो आणि कातडीवर काळपट पट्टे उमटतात.

पहिल्या दोन तासांत

पाण्यात तार दिसली, तर पाण्यात पाय घालू नका. महावितरणला 1912 वर कळवून वीज आधी बंद करून घ्या. न फुटलेला सुरुंग जिथे आहे तिथेच राहू द्या. चोर अजून तळ्यावर असतील, तर 112 ला फोन करा. जाळे हिसकावणे, गाडीची चावी काढणे, मारहाण यांपैकी काहीही केले, तर उलटा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो.

विषाचा संशय असेल, तर तळ्याचे पाणी जनावरांना पाजू नये आणि मासे खाऊ नयेत, अशी दवंडी लगेच द्या. पंचनामा होईपर्यंत मेलेले मासे हलवू नका. नंतर ते विहिरीपासून लांब खड्ड्यात चुना टाकून पुरा.

पाण्याचा नमुना पोलीस किंवा मत्स्य अधिकारी यांनी पंचांसमक्ष घेतला, तरच न्यायालयात त्याला वजन येते. न्यायसहायक प्रयोगशाळेकडे तो पोलिसांमार्फतच जातो. त्यांना यायला उशीर होणार असेल, तर सरपंच आणि दोन साक्षीदारांसमोर स्वच्छ काचेची एक लिटरची बाटली तळ्याच्या पाण्याने काठोकाठ भरा. झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल लावा, सगळ्यांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवा आणि बाटली बर्फात, अंधारात ठेवा. प्लॅस्टिकची बाटली नको, कारण कीटकनाशक तिच्या भिंतीला चिकटते. नुकतेच मेलेले चार-पाच मासे फॉइलमध्ये गुंडाळून त्याच बर्फात ठेवा. सडलेल्या माशातून फारसे काही निघत नाही.

फोटो आधी लांबून काढा, मग जवळून. मूळ फाइल फोनमध्ये तशीच राहू द्या. व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत वेळ-ठिकाणाची माहिती गळून जाते. खटल्यात फोटोसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र लागते.

अर्जात काय लिहावे

‘काही लोक मासे चोरतात’ या वाक्यावर कुणी हलत नाही. असे लिहा: ‘पहाटे 5.20 वाजता पूर्वेच्या पाळीवर तीन इसम, एक दुचाकी (क्रमांक), दोन फासेजाळी, अंदाजे 60 किलो रोहू-कटला.’ पुढे बाजारातला ठोक भाव लावून रक्कम टाका. ती महत्त्वाची आहे, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खालची 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र धरली जाते आणि पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून मोकळे होतात. मात्र वजन वाढवून लिहू नका. पंचनाम्यात ते उघडे पडते.

सुरुंग किंवा विष असेल, तर मत्स्योद्योग कायद्याचे लागू कलम मत्स्य कार्यालयात विचारून अर्जात नमूद करा. 1 जून ते 31 जुलैची मासेमारी बंदी समुद्रातली आहे. ती इथे जोडली, तर अर्ज कच्चा ठरतो.

एक प्रत पोलीस ठाण्याला, एक जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांना आणि एक तळ्याच्या मालक कार्यालयाला द्या. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का नसेल, तर अर्ज दिल्याचा पुरावा उरत नाही.

दाद लागली नाही तर

दखलपात्र गुन्हा असूनही एफआयआर घेतला नाही, तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ही सोय आहे. तिथेही काम झाले नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. मत्स्य कार्यालयाने काय केले, हे माहिती अधिकारात 10 रुपयांच्या शुल्कावर विचारा. उत्तराची मुदत 30 दिवस.

विष पडलेल्या तळ्यात नवे बीज घाईने सोडू नका. आधी जाळीच्या हाप्यात वीसेक बोटुकली ठेवा. 48 तासांनी ती चपळ पोहत असतील, तरच बाकीचे बीज आणा.